पायथन ट्यूटर वापरून बघितलं, फक्त स्वॅपच्या प्रोग्रामसाठी

पायथन ट्यूटर नावाची एक फुकट वेबसाइट आहे. त्यात कोड टाकायचा आणि एकेक ओळ पुढे सरकवत मेमरीत काय चाललंय ते चौकटी आणि बाणांच्या चित्रात बघायचं, एवढंच तिचं काम. नावात पायथन असलं तरी सी, सी प्लस प्लस, जावा, जावास्क्रिप्ट हे पण चालतं. लॉगिन नाही, इन्स्टॉल नाही, पैसे नाहीत. फिलिप ग्वो म्हणून प्रोफेसर आहेत, कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन दिएगो कॅम्पसला शिकवतात, त्यांनी २०१० साली स्वतः पीएचडी करत असताना हे सुरू केलं आणि इतक्या वर्षांनंतर पण फुकटच ठेवलंय. दोन कोटींच्या वर लोकांनी वापरल्याचं साइटवरच लिहिलंय आणि मला ते अजिबात अवघड वाटत नाही मानायला.

मी फर्स्ट इयरच्या पोरांना सी आणि पायथन शिकवतो. हा रिव्ह्यू मुद्दाम एकाच प्रोग्रामपुरता लिहितोय, दोन व्हेरिएबलच्या (व्हॅल्यू ठेवायच्या, नाव दिलेल्या जागा) व्हॅल्यूंची अदलाबदल, म्हणजे आपला स्वॅप. डिप्लोमा असो, बीसीए असो, बीसीएस असो, जर्नलमधे हा प्रोग्राम असतोच, आणि व्हायवाला "तिसरा व्हेरिएबल न वापरता करून दाखव" हा प्रश्न पण ठरलेला. त्यामुळे पोरं तो पाठ करतात. टेम्प म्हणजे तात्पुरता तिसरा व्हेरिएबल, मग टेम्प बरोबर ए, ए बरोबर बी, बी बरोबर टेम्प, झोपेत विचारलं तरी सांगतील. पण त्याच पोराला विचारा की ह्या तीन ओळींपैकी वरच्या दोन उलट्यापालट्या लिहिल्या तर काय होईल, की गप्प. ओळींचा क्रम का महत्त्वाचा आणि ते बरोबरचं चिन्ह गणितातल्या बरोबरसारखं का नाही, हे पहिल्यांदा खरं खरं समजायची जागा म्हणजे हा प्रोग्राम, आणि ती जागा आपण पाठांतरात घालवतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता साइटवर नेमकं काय दिसतं ते सांगतो. सी निवडायचं, ए मधे १०, बी मधे २०, आणि मुद्दाम चुकीचा कोड टाकायचा, ए = बी; आणि खाली बी = ए; एवढाच. मग व्हिज्युअलाइजचं बटण. डावीकडे कोड राहतो, उजवीकडे मेन नावाची चौकट येते आणि तिच्यात ए आणि बी चे दोन खाने. कोडच्या बाजूला दोन बाण असतात, फिकट हिरवा म्हणजे आत्ता झालेली ओळ, लाल म्हणजे आता होणारी ओळ. लाल बाण ए = बी वर आला की थांबायचं. इथे नेक्स्ट दाबायच्या आधी पोरांना वहीत लिहायला लावायचं की पुढच्या क्षणाला दोन्ही खान्यांत काय असेल. बरीच पोरं लिहितात ए मधे २०, बी मधे १०. मग नेक्स्ट दाबायचं. ए चा खाना २० होतो, बी चा तसाच २० राहतो, आणि १० पूर्ण स्क्रीनवर कुठेच नाही.

आता विचारायचं, १० कुठे गेला? पोरं खरोखर स्क्रीनवर शोधतात. खाली बघतात, कोडमधे बघतात. एखादी म्हणते, सर वरच्या ओळीत आहे की. हो आहे, पण लाल बाण ती ओळ सोडून पुढे आलाय, ती ओळ आता परत चालणार नाही. मग प्रीव्हियस दाबून मागे जायचं, १० परत दिसतो, नेक्स्ट दाबलं की परत जातो. दोनतीनदा मागेपुढे केलं की वर्गात कुणीतरी बोलतंच, म्हणजे ए = बी करायच्या आधी तो १० कुठेतरी ठेवला पाहिजे. टेम्प व्हेरिएबल हा शब्द उच्चारायच्या आधी त्याची गरज पोरांनीच सांगितलेली असते. फळ्यावर हे होत नाही, कारण फळ्यावर जुनी व्हॅल्यू आपण खोडतो आणि ती खोडल्याची खूण दिसत राहते, आणि प्रीव्हियसचं बटण तर फळ्याला नसतंच.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. स्वॅप शिकवताना सगळीकडे दोन ग्लासांचं उदाहरण देतात, एकात चहा एकात दूध, अदलाबदल करायला तिसरा रिकामा ग्लास लागतो. ऐकायला छान आहे, आणि तिसरी जागा लागते एवढं पटतं पण, मात्र त्यातून एक चुकीचं चित्र डोक्यात बसतं ते वर्षभर निघत नाही. ग्लासातून ओतलं की तो ग्लास रिकामा होतो. व्हेरिएबलमधून व्हॅल्यू घेतली की ती तिथे जशीच्या तशी राहते, फक्त कॉपी होते. आणि भरलेल्या ग्लासात ओतलं तर दोन्ही मिसळतं, व्हेरिएबलमधे मात्र जुनं पूर्ण पुसलं जाऊन नवीन बसतं. ग्लासवाली पोरं पुढे विचारतात की टेम्प मधली व्हॅल्यू बी ला दिल्यावर टेम्प रिकामा झाला का. नाही झाला, त्यात १० आहे तसाच बसलाय, आणि पायथन ट्यूटरवर शेवटच्या स्टेपला तो दिसतो पण. तीन खाने, ए २०, बी १०, टेम्प १०. सी मधे अजून एक चांगली गोष्ट दिसते, टेम्प नुसता डिक्लेअर केला आणि काही दिलं नाही तर त्याच्या खान्यात प्रश्नचिन्ह असतं. रिकामा म्हणजे शून्य नव्हे, काय आहे त्याचा भरवसा नाही, हे त्या एका प्रश्नचिन्हातून कळतं, मी त्यावर वेगळं लेक्चर घेत नाही.

पण खरी वसुली होते ती फंक्शनमधे, म्हणजे नाव देऊन वेगळ्या लिहिलेल्या कोडच्या तुकड्यात. कॉल बाय व्हॅल्यू आणि कॉल बाय रेफरन्समधला फरक स्वॅपच्या उदाहरणासह लिहा, हा प्रश्न किती पेपरांत येऊन गेला असेल देव जाणे. उत्तर पण सगळ्यांचं पाठ, "इन कॉल बाय व्हॅल्यू कॉपी इज पास्ड". ती कॉपी म्हणजे काय ते कुणी बघितलेलं नसतं. इथे बघायला मिळतं. स्वॅप फंक्शन कॉल झालं की मेनच्या चौकटीखाली दुसरी चौकट उघडते, स्वॅप नावाची, तिच्यात एक्स आणि वाय असे तिचे स्वतःचे खाने, त्यांत १० आणि २०. आत तीन ओळी चालतात, एक्स वाय ची अदलाबदल अगदी बरोबर होते, वर मेनमधे ए आणि बी ढिम्म हलत नाहीत. मग फंक्शन संपतं आणि ती अख्खी चौकट गायब होते, आतल्या बरोबर झालेल्या अदलाबदलीसकट. मेनमधे १० आणि २० जिथल्या तिथे. सगळं काम बरोबर होऊन पण उपयोग शून्य, हे डोळ्यांसमोर झालं की फंक्शनची मेमरी वेगळी असते हे वाक्य परत पाठ करावं लागत नाही.

मग पॉइंटर, म्हणजे दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता (ॲड्रेस) ठेवणारा व्हेरिएबल. एक्स आणि वाय च्या खान्यांत आता आकडे नसतात, तिथून बाण निघून वर मेनमधल्या ए आणि बी ला जाऊन भिडतात. *एक्स = *वाय (स्टार म्हणजे त्या पत्त्यावरची व्हॅल्यू) ही ओळ चालली की बदल वरच्या खान्यात होतो, बाण जागचा हलत नाही. पॉइंटरला घाबरणारी पोरं इथे जरा सैल होतात, कारण ॲड्रेस म्हणजे हेक्साडेसिमलचा भयानक आकडा असं जे डोक्यात असतं त्याच्या जागी एक साधा बाण आलेला असतो.

आता सगळ्यात भारी भाग. पोरं एक चूक हमखास करतात, टेम्प पण पॉइंटर घेतात आणि स्टार न लावता लिहितात, टेम्प = एक्स; एक्स = वाय; वाय = टेम्प;. कंपाइल होतं, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि आउटपुट मात्र बदललेलं नसतं. ह्या एका चुकीवर लॅबमधे अख्खं प्रॅक्टिकल जाऊ शकतं, कारण कोड वाचून ती सापडत नाही, सगळं बरोबरच वाटतं. पायथन ट्यूटरवर तीच तीन ओळींत उघडी पडते. एक्स चा बाण ए कडून सुटून बी कडे जातो, वाय चा बी कडून ए कडे येतो, दोन बाण एकमेकांना छेदतात, आणि ए बी च्या खान्यांना कुणी हात पण लावलेला नसतो. पत्ते बदलले, घरं तशीच. माझ्या मते ह्या एका चित्रासाठी सी शिकणाऱ्या प्रत्येकाने ही साइट एकदा तरी उघडावी, एवढं स्पष्ट मला दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही.

व्हायवावाला प्रश्न राहिला, तिसऱ्या व्हेरिएबलशिवाय. ए = ए + बी, बी = ए - बी, ए = ए - बी. १० आणि २० ला मस्त चालतं, खाने ३०, मग बी १०, मग ए २० असे बदलताना बघायला पण मजा येते. पण ह्याला लोक हुशारी समजतात ते मला पटत नाही, आणि का नाही ते पण तिथेच दाखवता येतं. पायथन निवडा, ए मधे १ वर २० शून्यं असा पॉइंट शून्यवाला फ्लोट (दशांशवाला आकडा) टाका, बी मधे १.० टाका. पहिल्या ओळीला बेरीज होते पण ए बदलतच नाही, कारण फ्लोटमधे साधारण १५-१६ आकड्यांपुरतीच अचूकता असते आणि तो १ त्यात मावत नाही. दुसऱ्या ओळीला बी होतो तो मोठा आकडा. तिसऱ्या ओळीला ए मधे १ यायला पाहिजे, येतो ०. अदलाबदल करायला गेलो आणि एक व्हॅल्यू कायमची गेली, तीही गुपचूप. सी मधे इंट (पूर्णांक) घेतला तरी बेरीज २१४७४८३६४७ च्या वर गेली की ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा खान्यात मावत नाही, आणि साइन्ड इंटचा ओव्हरफ्लो झाला तर पुढे काय होईल याची भाषेचं स्टँडर्ड काहीच हमी देत नाही. जुन्या टर्बो सी ह्या कंपायलरमधे तर इंट १६ बिटचा, ३२७६७ ला हद्द संपली, म्हणजे २०००० आणि १५००० ला पण बेरीज बाहेर जाते.

एक्सॉरवाली (बेरजेऐवजी दोन आकड्यांचे बिट ताडून बघणारी) पद्धत बेरजेच्या भानगडीतून सुटते, पण तिच्यात वेगळाच खड्डा आहे. पॉइंटरवालं स्वॅप फंक्शन एक्सॉरने लिहा आणि दोन्ही जागी एकाच व्हेरिएबलचा ॲड्रेस द्या, स्वॅप(&ए, &ए). चित्रात दोन्ही बाण एकाच खान्यावर जातात आणि पहिल्याच ओळीला तिथे ० होतो. व्हॅल्यू गेली, आता ती कुठूनच परत येणार नाही. बेरीज वजाबाकीवाल्याचं पण ह्या केसमधे शेवटी शून्यच होतं. असं कोण मुद्दाम देईल असं पोरं विचारतात, पण ॲरे (एका नावाखालची व्हॅल्यूंची रांग) सॉर्ट करताना आय आणि जे हे जागांचे नंबर दोन्ही एकाच जागेवर आलेत असं सहज होतं. टेम्पवाली साधी पद्धत तिथे पण बरोबर चालते. व्हायवाला विचारतात म्हणून ह्या युक्त्या शिकवा, पण खऱ्या कोडमधे टेम्पच लिहा असं मी स्पष्ट सांगतो, एक इंट वाचवून कुणाचं भलं होत नाही आणि वाचणाऱ्याला कोड लगेच कळतो.

पायथनमधे आलं की पोरं खूश, ए, बी = बी, ए, झालं एका ओळीत. इथे मात्र साइट थोडी कमी पडते, आणि हे वापरणाऱ्याला माहीत असलेलं बरं. ती ओळीच्या हिशोबाने पुढे सरकते, त्यामुळे एका नेक्स्टमधे दोन्ही खाने एकदम बदलतात आणि आत काय झालं ते दिसत नाही. आत असं होतं की आधी उजवी बाजू पूर्ण वाचली जाते, म्हणजे २० आणि १० ह्या दोन्ही व्हॅल्यू हातात येतात, आणि मगच डावीकडे एकेक दिली जाते, डावीकडून उजवीकडे. त्यामुळे १० हरवायचा प्रश्न येत नाही. पण डावीकडे देताना क्रम असतो हे विसरलं की पंचाईत होते. लिस्ट एक्स मधे ० आणि १ आहे, आय मधे ०, आणि लिहिलं आय, एक्स[आय] = १, २. पोरांना वाटतं २ पहिल्या जागी बसेल. बसतो दुसऱ्या, कारण आय आधीच १ झालेला असतो आणि जागा ० पासून मोजतात. लिस्ट होते ० आणि २. एवढं साइटवर चालवून बघा, शेवटचं चित्र तरी बरोबर दिसतं, मधलं तुम्हाला तोंडाने सांगावं लागेल.

पायथनसाठी एक सेटिंग बदलायची मात्र आठवणीने सांगतो. खाली ड्रॉपडाउन आहेत, त्यात सगळे ऑब्जेक्ट हीपवर (मेमरीच्या वेगळ्या भागात) दाखवा असा पर्याय आहे. आधीपासून जे असतं त्यात आकडे थेट व्हेरिएबलच्या खान्यात दिसतात, सी सारखेच. ते बदललं की १० आणि २० हे उजवीकडे वेगळे ऑब्जेक्ट म्हणून दिसतात आणि ए, बी पासून त्यांच्याकडे बाण जातात. आता स्वॅप चालवा. आकडे जागेवरच, फक्त बाण बदलले. मघाशी सी मधे जी चूक होती, बाण बदलले घरं तशीच, तीच पायथनमधे साधी सरळ रीत आहे, कारण पायथनमधे व्हेरिएबल म्हणजे नावाची पट्टी, खाना नाहीच. सी शिकून पायथनला आलेल्या पोरांना ही दोन चित्रं शेजारी शेजारी दोन टॅबमधे दाखवा, चर्चा आपोआप सुरू होते. आणि पायथनमधे स्वॅप(ए, बी) असं फंक्शन लिहून बाहेर का बदलत नाही ते पण ह्याच चित्रात मिळतं, आत फक्त आतल्या नावांचे बाण फिरले. जावाचं पण तेच, दोन इंट घेऊन बाहेरचे बदलणारं स्वॅप फंक्शन लिहिताच येत नाही, ॲरे देऊन त्यातले दोन घटक बदलावे लागतात.

मर्यादा सांगायच्या तर, ही मोठ्या प्रोग्रामसाठी नाहीच. फाइल वाचणं वगैरे चालत नाही, हजार स्टेपच्या आसपास थांबते, म्हणजे बबल सॉर्ट (शेजारचे आकडे अदलाबदल करत क्रमाने लावणं) दाखवायचा तर पाचसहा आकड्यांचा ॲरे घ्या, पन्नासचा नको. तेवढ्यात पण भरपूर दिसतं, बबल सॉर्टमधे टेम्प विसरून बघा, ५ आणि ३ ऐवजी ३ आणि ३ झालेले दिसतील आणि मग ५ पूर्ण ॲरेतून नाहीसा झालेला. सी ला व्हॅल्यू कोडमधेच लिहून टाका, इनपुट घ्यायच्या नादी लागू नका. साइट इंग्रजीत आहे, पण बटणं चारच, फर्स्ट, प्रीव्हियस, नेक्स्ट, लास्ट, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना अडचण येत नाही. मोबाइलच्या उभ्या स्क्रीनवर कोड आणि चित्र शेजारी मावायला अवघड आहे, आडवा धरा किंवा लॅबमधला पीसी घ्या. इंटरनेट लागतंच. आता त्यात एआयला विचारायची सोय पण दिलीय, पण स्वॅपसारख्या प्रोग्रामला निदान पहिल्या वेळी तरी तिकडे जाऊ नका, उत्तर स्क्रीनवरच समोर आहे.

शिक्षकांसाठी सगळ्यात उपयोगी सोय म्हणजे परमनंट लिंक. कोड टाइप केला की त्याची लिंक तयार करता येते, ती वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की प्रत्येकाच्या स्क्रीनवर तोच कोड उघडतो, आणि कुणी बदलला तरी तुमचा बिघडत नाही. मी चुकीच्या कोडच्याच लिंक पाठवतो, टेम्प नसलेली, स्टार विसरलेली, कॉल बाय व्हॅल्यूवाली, आणि खाली एवढंच लिहितो की कितव्या स्टेपला बिघडलं ते सांगा. पोरं "सर, पाचव्या" असं उत्तर पाठवतात. बरोबर कोडची लिंक पाठवली तर भराभर नेक्स्ट नेक्स्ट दाबून शेवटी पोचतात आणि झालं म्हणतात, त्यातून काही मिळत नाही. म्हणून वहीत आधी ड्राय रनचा, म्हणजे कोड हाताने चालवून बघायचा तक्ता, एकेक ओळ आणि तिच्यापुढे ए, बी, टेम्प, आणि मग नेक्स्ट. हा नियम मोडू देऊ नका.

आणि ज्यांना पायथनची ती एका ओळीची अदलाबदल आतून बघायचीच आहे त्यांनी थॉनी हे पायथन लिहायचं सॉफ्टवेअर घ्या, एस्टोनियाच्या तार्तू विद्यापीठात तयार झालेलं, हे पण फुकट, पण कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करावं लागतं, त्यामुळे एकदा टाकलं की नेटशिवाय चालतं. त्याच्या डीबगरमधे (कोड थांबत थांबत चालवून बघायची सोय) स्टेप इन्टू करत, म्हणजे ओळीच्या आत शिरत गेलं की बी च्या जागी २० येतो, मग ए च्या जागी १० येतो, उजवी बाजू २०, १० अशी जोडी होते, आणि तोपर्यंत डावीकडच्या ए आणि बी ला काहीच झालेलं नसतं. पायथन ट्यूटरवर जे एका नेक्स्टमधे निसटतं ते इथे सावकाश सापडतं.